मुलाची काळजी वाटली, तर फोन कुणाला करायचा?

राधानगरीकडचा एक मुलगा कोल्हापुरात शिकायला आला आहे असं समजा. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहतो, डबा लावलाय, संध्याकाळी अभ्यासिकेत बसतो. गेले काही दिवस त्याचा डबा अर्धा तसाच परत येतोय, हे डबा देणाऱ्या काकूंना दिसतं. अभ्यासिकेतली त्याची खुर्ची रिकामी असते, हे तिथल्या चालकाला दिसतं. रात्री अडीचला टाकलेलं आणि सकाळी काढून टाकलेलं स्टेटस रूममेटनं पाहिलेलं असतं. हजेरी घसरल्याचं सरांच्या लक्षात आलेलं असतं. आईला मात्र फोनवर "बरा आहे गं, जेवलोय" एवढंच ऐकू येतं.

या प्रत्येकाला काहीतरी खटकलेलं असतं. काकूंना वाटतं, आपण परके, कसं विचारायचं? सरांना वाटतं, घरच्यांना माहीत असेल. रूममेटला वाटतं, कुणाला सांगितलं तर दोस्ताचा विश्वास मोडेल. कुणी निर्दयी नसतं. फक्त काळजी वाटल्यावर पुढे काय करायचं आणि कुणाला सांगायचं, हे कुणी कधी ठरवून दिलेलं नसतं.

तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी सामुदायिक भागीदारी म्हणतात ती हे आधीच ठरवून ठेवण्यासाठी असते. शाळा-कॉलेज, वसतिगृह, दवाखाना, पोलीस, तालीम-मंडळ, आशाताई आणि घर यांनी मिळून दोन प्रश्नांची उत्तरं पक्की करायची: काळजी वाटली तर कुणी कुणाला कळवायचं, आणि कळवल्यावर त्या माणसानं काय करायचं. याला मोठा निधी लागत नाही. चिकाटी मात्र भरपूर लागते.

हा प्रश्न फक्त परीक्षेचा नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातले तिसऱ्या हिश्शाहून जास्त १८ ते ३० या वयातले होते. विद्यार्थी होते १३,०४४. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वात मोठा होता, एकूणही आणि विद्यार्थ्यांमध्येही.

दहावी-बारावीचे निकाल लागले की बातम्या येतात आणि हे सगळं मार्कांमुळे होतं असं आपल्या मनात बसतं. पण त्याच नोंदींमध्ये कारण म्हणून 'परीक्षेतलं अपयश' दोन टक्क्यांहून कमी ठिकाणी लिहिलेलं आहे. सर्वात मोठं कारण 'कौटुंबिक समस्या', जवळपास ३२ टक्के. त्यानंतर आजारपण. पोलिसांनी एका रकान्यात लिहिलेलं कारण म्हणजे पूर्ण सत्य नव्हे, हे खरं. आत्महत्येमागे एकच एक कारण सहसा नसतंच. आधीपासूनचं नैराश्य, दारू, घरातली भांडणं, कर्ज, प्रेमप्रकरणावरून होणारी मारहाण, लग्नाची घाई, असं बरंच काही साचत गेलेलं असतं आणि एखादी घटना शेवटचं निमित्त ठरते.

तेरा हजार विद्यार्थी ही संख्या जीव हलवणारी आहे. तरीही मरण पावलेल्या तरुणांमध्ये विद्यार्थी नसलेलेच खूप जास्त होते, म्हणजे केवळ कॉलेजात कार्यक्रम घेऊन भागणार नाही. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पाळीवर जाणारा, इचलकरंजीत मागावर उभा राहणारा, भरतीचं वय निघून गेल्यावर गावी परतलेला मुलगा कुठल्याच हजेरीपटावर नसतो. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन चंदगड किंवा शाहूवाडीच्या वाडीवर गेलेली मुलगीही नसते. त्यांच्यासाठी माणसं वेगळी शोधावी लागतील: पाळीचा सुपरवायझर, बचत गटातली बाई, घरोघरी फिरणारी आशाताई.

शिक्षकांवर सोपवून मोकळं का होता येत नाही

बैठकीत हा विषय निघाला की पहिला ठराव ठरलेला असतो, 'शिक्षकांना प्रशिक्षण द्या'. द्यावंच. पण त्यावर थांबलं तर काय होतं, याचा अनुभव आपल्याच देशात आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांमध्ये 'सेहर' नावाचा मोठा प्रयोग झाला. काही शाळांत मानसिक आरोग्याचं काम तिथल्याच शिक्षकाला दिलं. काही शाळांत त्यासाठी एक वेगळी व्यक्ती नेमली, जी डॉक्टर नव्हती, मानसशास्त्रज्ञही नव्हती, फक्त या कामासाठी तयार केलेली होती. जिथं वेगळी व्यक्ती होती तिथं मुलांमधलं नैराश्य कमी झालं, दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. आपल्या शिक्षकांकडे निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं आधीच आहे. शिवाय जो मार्क देतो, ओरडतो, त्याच्याजवळच मन मोकळं करायचं हे मुलांना अवघडच जाणार, असं मला वाटतं.

युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमधल्या अकरा हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथंही केवळ शिक्षकांना 'धोका ओळखा' असं शिकवून आत्महत्येचे प्रयत्न ठळकपणे कमी झाले नाहीत. जिथं मुलांनाच वर्गात बसवून ताण, नैराश्य, मित्र संकटात असेल तर काय करायचं हे बोलायला आणि अभिनयातून करून बघायला लावलं, तिथं वर्षभरात प्रयत्नांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. मुलं आधी मुलांनाच सांगतात, म्हणून तयारी मुलांचीही करायला हवी.

महाराष्ट्रातलं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याचं. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्रानं तिथं 'आत्मीयता' हा उपक्रम सुरू केला. गावातलेच लोक, विशेषतः बचत गटातल्या बाया निवडल्या, त्यांना ऐकून घ्यायला, धीर द्यायला आणि गरज असेल तेव्हा सरकारी दवाखान्यापर्यंत न्यायला शिकवलं. शहरातून तज्ज्ञ येण्याची वाट बघत बसावं लागलं नाही. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही, त्यामुळे ही वाट सगळ्याच जिल्ह्यांना धरावी लागणार आहे.

कोल्हापूरजवळ आधीच काय आहे

भागीदारी हे प्रकरण या शहराला नवं नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह. राजर्षी शाहू महाराजांनी जागा, पैसा, पाठबळ दिलं आणि चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजातल्या माणसांना घ्यायला लावली. खेड्यातून आलेलं पोर शहरात एकटं पडू नये, ही काळजी राज्यानं आणि समाजानं वाटून घेतली होती. आजची वसतिगृहं त्याच शहरात आहेत. रेक्टर मात्र अनेक ठिकाणी फक्त गेटची वेळ आणि फीची पावती सांभाळणारा माणूस होऊन बसलाय, याचं वाईट वाटतं.

दुसरी ताकद तालमींची, म्हणजे पेठापेठांतल्या तरुण मंडळांची, ज्यांचे फुटबॉल संघही असतात. पेठेतल्या मुलाला त्याच्या तालमीतली मोठी पोरं त्याच्या वर्गशिक्षकापेक्षा जास्त ओळखतात. फुटबॉलच्या हंगामात कोण सरावाला येतंय, कोण यायचं बंद झालंय, कोण अचानक चिडचिड करतंय, कुणाची दारू वाढलीय, हे तिथं लगेच कळतं. असा एखादा 'दादा' तयार करणं फार अवघड नाही. तो कसा बोलेल, हे बघा:

"काय रं, लई दिवस झालं मैदानावर दिसला न्हाईस?"

"काय न्हाई दादा, असंच."

"असंच न्हवं. तोंड उतरलंय तुझं. झोप लागती का?"

"न्हाई लागत."

"एक विचारतो, राग मानू नकोस. मरून जावं असं मनात येतंय का तुझ्या?"

"...कधीकधी येतंय."

"बरं झालं सांगितलंस. मी हितंच हाय, कुठं जात न्हाई. आता हे तू एकट्यानं धरून बसायचं न्हाई. घरात कुणाला सांगूया, तूच सांग. आन् एक फोन लावू या दोघं मिळून."

थेट विचारायला लोक घाबरतात. नसेल तर डोक्यात भरेल, असं वाटतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २,३४२ मुलांवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला आणि २००५ मध्ये निष्कर्ष आले: विचारल्यानं मुलांचा त्रास किंवा असे विचार वाढले नाहीत. आधीपासून खचलेल्या मुलांना तर विचारल्यानं थोडं हलकंच वाटल्याचं दिसलं. म्हणून शांतपणे, बाजूला घेऊन, सरळ शब्दांत विचारावं. "एवढ्याशा गोष्टीवरून?", "मर्दासारखा राहा" ही वाक्यं टाळावीत. "आईबापाचा तरी विचार कर" हे वाक्य तर चांगल्या मनानं बोललं जातं, पण आपण घरच्यांना ओझं झालोय असं आधीच वाटत असलेल्या मुलाला ते आणखी खोल ढकलतं.

तालमीला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट बोलायला हवी. तिथं मुली नसतात. मुलींचं दुःख कुणाला दिसतं? एसटीत शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला, लेडीज होस्टेलच्या ताईला, एनएसएसच्या मॅडमना, वस्तीतल्या आशाताईला. मुलीच्या हातातला फोन काढून घेतला, कॉलेज बंद केलं, म्हणजे हीसुद्धा माणसं तुटली. 'घरातच आहे, म्हणजे सुरक्षित आहे' असं घरचे मानतात, तेव्हा ती सर्वात एकटी असू शकते.

सांगितल्यानंतरचा रस्ता

फुटबॉलमध्ये बॉल मिळवून उपयोग नसतो, पास योग्य पायात पडावा लागतो. इथंही बहुतेक पोरं निसटतात ती एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना. "सीपीआरला", म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, "जा" असं सांगणारा माणूस मिळतो, पण मुलगा तिथं पोचला का, हे बघणारा कुणी नसतो.

फोनसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला. चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. मुलाची काळजी वाटणारे आई-वडील, शिक्षक, मित्र यांनीही हा फोन करायला हरकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. जिवाला आत्ता धोका असेल तर १०८ किंवा ११२, आणि मदत येईपर्यंत त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही.

उपचारासाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर. तिथं जायला पैशांपेक्षा लाज जास्त आडवी येते. केसपेपरच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं आणि "इकडं कुठं?" विचारलं तर काय सांगायचं, याच धास्तीनं माणसं गेटवरून परत फिरतात. इथं सोबतीला कुणीतरी असणं फार मोलाचं ठरतं. कोल्हापुरातल्या 'सायबर' या संस्थेसारख्या महाविद्यालयात समाजकार्य शिकणारी मुलं क्षेत्रकार्य करतातच. पहिल्या भेटीला सोबत जाणं, केसपेपर काढून देणं, दुसरी तारीख लिहून घेणं आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी फोन करणं, हे काम अशा मुलांना शिकवून देता येईल. कामाचा कस दुसऱ्या भेटीला लागतो. पहिल्यांदा घरचे घाबरून आणतात, थोडं बरं वाटलं की येणं थांबतं.

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्यांच्या बाबतीत तर पाठपुरावा म्हणजे जीव वाचवणंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत अशा १,८६७ जणांवर अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्या अर्ध्यांना त्याशिवाय घरी जाताना तासभर समजावून सांगितलं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा घरी जाऊन विचारपूस केली. दीड वर्षानंतर नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येनं मरण पावलेले २.२ टक्के होते, विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के. तासभर समजावलं आणि नऊ वेळा कुणीतरी आठवणीनं विचारलं, एवढाच फरक! हे काम कोल्हापुरात कुणालाही करता येण्यासारखं आहे.

पोलीस केस होईल या भीतीनं अनेक घरं प्रयत्न लपवतात, 'चुकून झालं' म्हणतात आणि मुलाला उपचारांविना घरी नेतात. कायदा आता तसा राहिलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ उरलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमात आहे. रुग्णालयात पोलीस नोंद होते, ती गुन्हा म्हणून नव्हे, हे घरच्यांना तिथल्या तिथं समजावणारा हवालदार भेटला तर अर्धं काम होतं. म्हणून पोलीस ठाणंही या भागीदारीत हवंच.

गावभर होऊ नये म्हणून

जवळिकीच्या समाजात मदत पटकन पोचते, आणि चर्चाही. "अमक्याचं पोरगं डोक्याच्या डॉक्टरकडं जातंय" हे संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकापर्यंत जातं. त्यामुळे कळवण्याचा नियम आधीच घट्ट ठरवावा लागतो. नाव फक्त पुढच्या एका जबाबदार माणसाला सांगायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही टाकायचं नाही. मुलाला आधी सांगायचं की मी हे अमुक माणसाला सांगणार आहे. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण जिवाचा धोका असेल तर ते पाळता येत नाही. मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे आणि जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे.

एखादा तरुण गेलाच, तर त्यानंतरचे आठवडे त्याच्या मित्रांसाठी धोक्याचे असतात. आपल्याकडे लगेच चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, हसरा फोटो, 'भावा, परत ये', स्टेटसवर दुःखी गाणी. यातलं प्रेम खरं असतं. पण आधीच खचलेल्या मुलाला त्यातून दिसतं की गेल्यावरच सगळे आपले होतात. शोक जरूर करावा, बाकीच्या कुठल्याही मृत्यूवर करतो तसाच. कसं केलं, का केलं याची चर्चा टाळावी. मंडळातल्या जाणत्यांनी त्या आठवड्यात जवळच्या मित्रांना एकत्र बसवावं, समुपदेशकाला बोलवावं. भारतीय वृत्तपत्र परिषदेनं २०१९ मध्ये बातम्यांसाठीही अशीच पथ्यं घालून दिली आहेत. उलट, संकटातून सावरलेल्या माणसांच्या गोष्टी छापल्या तर त्याचा चांगला परिणाम होत असल्याचं ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात दिसलं होतं. स्थानिक वर्तमानपत्रांनी आणि यूट्यूब चॅनेलवाल्यांनी एवढं तरी मनावर घ्यावं.

ऊस-भाजीपाल्याच्या या जिल्ह्यात शेतीची औषधं गोठ्यात, पडवीत उघडी असतात. ती कुलपात ठेवावीत, किल्ली मोठ्या माणसाकडे. घरातल्या गोळ्यांचंही तसंच. मरणाची तीव्र इच्छा अनेकदा काही मिनिटांची, काही तासांची असते आणि त्या वेळी साधन हाताशी नसेल तर बहुतेक माणसं तरून जातात. श्रीलंकेनं १९९५ पासून सर्वात विषारी कीटकनाशकांवर बंदी घालत नेली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार हा म्हणूनच या साखळीतला महत्त्वाचा माणूस आहे.

संस्थाचालकांसाठी आता हा ऐच्छिक विषय उरलेला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाइनचे क्रमांक ठळक लावायचे. मार्कांवरून मुलांच्या तुकड्या पाडायच्या नाहीत. पालकांनी प्रवेशाच्या वेळी फीबरोबर हेही विचारावं: तुमचा समुपदेशक कोण, कधी भेटतो?

काम चाललंय की नाही हे कशावरून ओळखायचं? एका शहरात वर्षाला आत्महत्या किती झाल्या, यावरून पटकन निष्कर्ष काढू नये. एवढ्या छोट्या आकड्यात चढउतार होतच राहतो. त्याऐवजी किती जणांबद्दल काळजी कळवली गेली, त्यातले किती जण डॉक्टरपर्यंत पोचले, किती जण दुसऱ्या भेटीला आले, कळवल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस गेले, हे मोजावं. सुरुवातीला कळवलेल्यांची संख्या वाढेल आणि लोक म्हणतील की प्रश्न वाढला. ती वाढ चांगली समजावी, कारण आधी ही मुलं कुणाच्या नजरेतच नव्हती.

आणि शेवटी यादी, म्हणजे काळजी वाटली तर कुणाला कळवायचं त्या माणसांची नावं आणि नंबर. रेक्टर बदलतात, पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, समुपदेशकाचं कंत्राट संपतं. म्हणून दर जूनमध्ये कॉलेजं सुरू होताना सगळ्यांनी एकदा बसून नावं आणि नंबर तपासावेत, प्रत्येक नंबर लावून बघावा, आणि त्या वर्षी यादी सांभाळायचं काम नाव घेऊन एका माणसाकडे द्यावं.